वरचे दोन स्वल्पविराम

आठवीत असताना इंग्रजीच्या वहीत मी ‘शॅल नॉट’चे लघुरूप ‘शान्ट’ लिहिले आणि त्यात वरचा स्वल्पविराम दोनदा दिला. एक ‘ए’च्या पुढे, दुसरा ‘एन’च्या पुढे. मास्तरांनी तांबड्या शाईने पहिला खोडला आणि “हे कुठले नवे इंग्रजी?” म्हणून वही वर्गाला दाखविली. वर्ग पोट धरून हसला. आजोबांच्या ट्रंकेत पुठ्ठा गेलेले ‘ॲलिस’चे पुस्तक होते, त्यात अगदी तसेच छापले होते, पण ते सांगण्याचा धीर मला झाला नाही.

तो दुसरा स्वल्पविराम बरीच वर्षे डोक्यात राहिला. आपल्याकडे ‘सोऽहम्’मध्ये लोपलेल्या ‘अ’च्या जागी अवग्रह येतो, तसेच इंग्रजीतले हे चिन्ह गळलेल्या अक्षराची जागा राखून ठेवते. आता ‘शॅल नॉट’ आखडून बोला. ‘शॅल’मधले दोन ‘एल’ गळतात आणि ‘नॉट’मधला ‘ओ’ गळतो. गळती दोन ठिकाणी, म्हणून खुणाही दोन. हिशेब चोख आहे! एकच खूण देणाऱ्यांनी त्या दोन ‘एल’चे काय केले, हे त्यांनाच विचारावे लागेल.

‘ॲलिस’चा लेखक लुईस कॅरल हा खरा चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकविणारा. हिशेबाचा माणूस. १८९३ साली ‘सिल्व्ही अँड ब्रूनो’च्या दुसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत त्याने या दुहेरी खुणेची बाजू घेतली, आणि १८९७ च्या सुधारलेल्या ‘ॲलिस’मध्ये ‘कान्ट’ आणि ‘वोन्ट’ यांनाही दोन दोन खुणा दिल्या. पुढच्याच जानेवारीत तो वारला. आजोबांची प्रत त्या सुधारलेल्या छापाची असणार.

पण ही त्याची लहर नव्हे. ‘शान्ट’ला दोन खुणा देण्याची चाल त्याच्या आधीपासून छापखान्यांत होती, एका खुणेचीही होती, आणि दोन्ही शेजारी शेजारी नांदत होत्या. भांडण होते ते वेगळेच. १७१० साली जोनाथन स्विफ्टने ‘टॅटलर’मधून शब्द असे छाटून बोलणाऱ्यांची यथेच्छ टर उडविली. पुढल्या वर्षी ऑगस्टात ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’मध्ये ‘कान्ट’, ‘शान्ट’, ‘वोन्ट’ या जोडशब्दांवर ठपका ठेवला, की यांनी भाषेचा सूर बिघडविला आणि तीत व्यंजनांची नुसती दाटी केली. म्हणजे माझ्या मास्तरांनी जो शब्द एका खुणेचा म्हणून शुद्ध ठरविला, तो मुळातच ॲडिसनच्या लेखी अशुद्ध!

‘वोन्ट’ची तर आणखी गंमत. ‘विल नॉट’चे ‘विन्ट’ व्हायला हवे होते. पण ‘विल’चे ‘वोल’ असेही एक जुने रूप होते, त्यातला ‘ओ’ या शब्दात टिकून राहिला. मूळ रूप गेले, लघुरूपात त्याची खूण उरली.

कॅरल दोन खुणांसाठी भांडत होता त्याच दशकात बर्नार्ड शॉ या शब्दांना एकही खूण द्यायला तयार नव्हता. त्याच्या नाटकांत ‘डोन्ट’, ‘वोन्ट’, ‘शान्ट’ सगळे बोडके. मात्र ‘आय विल’च्या लघुरूपात तो खूण ठेवी, कारण ती काढली तर तो शब्द ‘इल’, म्हणजे आजारी, असा वाचला जाईल. एकाच्या दोन, दुसऱ्याची शून्य. जगाने मधली एक उचलली. कोणी ठराव केला नाही.

आपल्याकडे मात्र ठराव झाला. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आमची आई बेळगावात शेवटपर्यंत ‘नांव’ आणि ‘पांच’ लिहीत राहिली. तिचे पत्र पुण्याला गेले की मावसभाऊ त्यावर हसत. आम्ही ‘काय करायलाईस’ म्हटले तरी हसत. ‘करायला लागला आहेस’ एवढे लांबलचक आम्ही एका घासात गिळतो, एवढाच आमचा गुन्हा. स्वतः ते ‘जातोय’ म्हणत, तेव्हा ‘जातो आहे’चे काय झाले, हे विचारायचे तेव्हा मला सुचले नाही.

मास्तर निवृत्त झाल्यावर एकदा खडेबाजारात भेटले. वहीची गोष्ट त्यांच्या गावीही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढविला, पान डोळ्यांजवळ धरले, बोटाने दोन्ही खुणा चाचपल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “अरे, मग तेव्हाच का नाही दाखविलेस?”