दूरचित्रवाणी-संचाची स्थित्यंतरे

श्रोतेहो, ज्या आकाशवाणीवरून मी आज आपणांशी बोलत आहे, तिच्याच घरात आपल्या देशातील दूरचित्रवाणीचा जन्म झाला. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी तिचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. पुढे १९७६ साली ही दोन भावंडे विभक्त झाली. परंतु त्या संस्थेचा इतिहास सांगण्याचा माझा मानस नाही. तिचे चित्र ज्या पेटीत उमटते, त्या पेटीविषयीच चार शब्द बोलावे म्हणतो. मी जळकोटचा, म्हणजे नळदुर्गाच्या पुढे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील एका गावचा रहिवासी. ही पेटी आमच्या दारी उशिरा आली. तथापि तिची बहुतेक सर्व रूपे मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

पेटीचा जीव म्हणजे काचेची चित्रनळी. जर्मनीतील कार्ल फर्डिनांड ब्राऊन याने १८९७ साली तिचा मूळ नमुना सिद्ध केला. लंडन येथे जॉन बेअर्ड याने २६ जानेवारी १९२६ रोजी जे चित्र दाखविले ते छिद्रांच्या फिरत्या चकतीने दाखविले होते. पण ती चकती लवकरच मागे पडली आणि नळीने पुढे सत्तर-ऐंशी वर्षे राज्य केले. नळीच्या निमुळत्या मानेतून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो. मानेभोवतीची तांब्याच्या तारेची वेटोळी त्यास वळवितात, आणि शेतकऱ्याने तासामागून तास धरावे तसा तो झोत पडद्यावर ओळीमागून ओळ ओढीत जातो. आपल्याकडील पद्धतीत अशा ६२५ ओळींचे एक चित्र आणि सेकंदास पंचवीस चित्रे. झोतास वळावयाचे तर मागे अंतर हवे; म्हणून पडदा जितका रुंद, तितके पेटीचे पोट मोठे. ही पोटाची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कथा तिच्याभोवतीच फिरते.

मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत संच दिसू लागले, तेव्हा आमच्याकडे त्याचे केवळ नाव पोहोचले होते. मात्र आमच्या शेजारीच एक नवल घडले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग आपल्या अवकाश संशोधन संस्थेने केला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटक होता, आणि कर्नाटकातील निवडलेल्या जिल्ह्यांत गुलबर्गा होता. १९५६ सालापर्यंत आमचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि तो गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. भाषेप्रमाणे प्रांतरचना झाली नसती, तर तो उपग्रह कदाचित आमच्याही गावी उतरता, असे मला त्या वयात वाटे. शिक्षक झाल्यावर मुलांना प्रांतरचना शिकविताना मी हा दाखला आवर्जून देत असे.

माझी आत्या आळंद तालुक्यात दिलेली होती. त्या वर्षी तिच्याकडे गेलो असता कोसभरावरील एका गावच्या शाळेत तो संच मी पाहिला. शाळेच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची परडी आकाशाकडे तोंड करून उभी होती. हे संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनविले होते. उपग्रहाचा क्षीण संदेश थेट खेड्यातील संचाने पकडावा, मध्ये मोठे प्रक्षेपण केंद्र नसावे, अशी ती योजना होती. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर ती तेव्हा प्रथमच पार पडत होती. पटांगणात पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे आणि मुले अगदी पुढे. बोलणे कानडी, मला त्यातील निम्मेच कळले. परंतु एका पेटीसमोर सारा गाव बसला होता, हे दृश्य मी अजून विसरलो नाही. वर्ष संपताच उपग्रह परत नेण्यात आला.

आमच्या गावी माझ्या पाहण्यात आलेला पहिला संच त्यानंतर काही वर्षांनी आला. लाकडी कपाट, त्यास सरकती दारे, उजव्या अंगास कडकड वाजणारी खुंटी. खांबावरील अँटेना सोलापूरच्या दिशेने वळवावी तेव्हा मुंग्यांतून माणसे दिसू लागत. वारा सुटला की एक जण माळवदावर, एक अंगणात आणि एक पेटीजवळ, अशी आरोळ्यांची साखळी चाले. पेटीसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे. तो १९८५ साली रद्द झाला. पुढे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे चौदा इंची संच आले. वीज गेली तरी ‘रामायण’ चुकू नये म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणणारे लोक मी पाहिले आहेत. मी स्वतः शहरातील एका दुकानातून घेतलेल्या संचाची नळी दोन वर्षांत मंद झाली. दुकानदाराने हात वर केले, आणि नव्या नळीपायी माझा महिन्याचा पगार गेला.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी रंग आले. नळीच तीच, मात्र एका झोताऐवजी तीन झोत, आणि पडद्याच्या आत बारीक छिद्रांची एक पत्र्याची चाळण. रंगांमुळे संच वाढले, कारखाने वाढले, आणि येथे मराठवाड्याचे नाव या इतिहासात येते. औरंगाबादजवळील चितेगाव येथे धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉन कंपनीचे संच बनू लागले. जो प्रांत संच पाहावयास मागे होता, तोच ते देशभर पाठवू लागला. आमच्या भागातील कित्येक मुले तेथे कामास लागली. त्यांत माझे विद्यार्थीही होते.

पुढचा भाग मात्र खेदाचा आहे. २००५ साली या कंपनीने थॉमसन या फ्रेंच कंपनीचा चित्रनळ्यांचा व्यवसाय विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको व चीन येथील कारखाने तिच्याकडे आले. आमच्याकडे या बातमीचा अभिमान वाटला, मलाही वाटला. परंतु त्याच काळात सपाट पडदा पुढे सरसावत होता. त्यात झोत नाही, म्हणून पोट नाही. मागे दिवा, आणि पुढे लक्षावधी ठिपक्यांपैकी प्रत्येकास स्वतःची इवली झडप. थोड्याच वर्षांत जगात नळीच्या संचांहून सपाट संच अधिक खपू लागले. फ्रेंच कंपनी जे विकून मोकळी झाली, ते आपण घेतले होते. कंपनी बुडण्यास इतर कारणेही झाली, कर्जे झाली. २०१८ साली ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आज आपल्याकडे संच जोडले जातात, पण त्यांतील पटल बहुतांशी परदेशातून येते.

दरम्यान डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची थेट उपग्रहावरून घरोघरी जाणारी सेवा सुरू झाली. गुलबर्ग्याच्या शाळेतील दहा फुटी परडी आता दोन फुटांची होऊन जळकोटच्या माळवदावर आली. पेटीचे पोट गेले, परडी आटली, आणि पेटीसमोरची बैठकही आटली. आधी गाव, मग वाडा, मग एक खोली, आणि आता हातातील भ्रमणध्वनीपुढे एकटा माणूस.

चितेगावचे काम सुटल्यावर परत आलेला माझा एक विद्यार्थी आमच्या बाजारपेठेत दुरुस्तीचे दुकान चालवितो. नळीच्या संचाचा एकेक सुटा भाग तो बदलीत असे. सपाट पटल फुटले, तर नवा संच घ्या एवढेच त्यास सांगता येते. त्याच्या दुकानाच्या मागील बाजूस सोळा जुन्या नळ्या रचलेल्या आहेत. त्यांच्या काचेत शिसे असते, म्हणून त्या उकिरड्यावर टाकू नयेत असे मीच त्यास बजावले होते. भंगारवाला तांबे काढून देण्यास तयार आहे, पण काच नको म्हणतो. गेल्या पावसाळ्यात दुकानाचे छप्पर गळू लागले, तेव्हा त्याने विचारले, “गुरुजी, ह्या नळ्या आता ठेवू कुठं?”