तळ्यांचा धनी



गोंदिया जिल्हा १९९९ साली महाराष्ट्रदिनी भंडारा जिल्ह्यातून वेगळा निघाला. सरकारी दप्तराच्या हिशेबाने तो अजून तरुणच म्हणावयाचा. परंतु या भूमीवर मनुष्याच्या हातून झालेले काम मात्र फार जुने आहे. आज मी आपणांस ज्याविषयी चार गोष्टी सांगणार आहे ती येथील तळी, अशा जुन्या कामांपैकी आहेत. त्यांच्यातील मासे, वनस्पती आणि त्यांच्या काठी उतरणारे पक्षी यांचाही इतिहास त्या तळ्यांच्या इतिहासाहून निराळा काढता येत नाही.

निसर्गाच्या रक्षणाची गोष्ट निघाली की आपल्यापुढे अरण्याचे चित्र उभे राहते. मनुष्य जेथून दूर तेथे सृष्टी सुरक्षित, अशी आपली समजूत झालेली आहे. अरण्यापुरती ती बऱ्याच अंशी खरी आहे. नागझिऱ्याला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये झाले, आणि २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. ही संरक्षणे नसती तर त्या रानांचे काय झाले असते, हे सांगावयास ज्योतिषी नको. तथापि तळ्याची गोष्ट वेगळी आहे. तळे मनुष्याने बांधले, मनुष्याने राखले, आणि मनुष्याने हात काढून घेतला तेव्हाच ते बिघडू लागले.

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत लहानमोठी मिळून हजारो तळी आहेत. ती बांधणाऱ्यांत अग्रमान कोहळी समाजाचा. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परत येताना या लोकांना आपल्याबरोबर आणले, अशी त्यांच्यांत दंतकथा आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात ती नोंदविली आहे. कथा खरी असो वा नसो, जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन मिळावी, अशी गोंड राजांची रीत होती असे परंपरा सांगते. या एका रीतीने जे घडविले ते पुढे मोठमोठ्या खात्यांनाही साधले नाही. भाताची बांधी आणि उसाचा मळा या दोन्हींची तहान तळे भागवू लागले.

नवेगावबांध हे या विद्येचे सर्वांत मोठे उदाहरण. सभोवती डोंगर, त्यांतील सात शिखरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि डोंगरांमधील खिंडी मातीच्या पाळीने बुजविलेल्या. एवढ्यावर दहा-अकरा चौरस किलोमीटरांचे सरोवर तुंबलेले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोळू पाटील कोहळी यांनी ते बांधले असे मानतात. मृत्यूनंतर लोकांनी त्यांना देवत्व दिले, आणि कोलासूर या नावाने त्यांचे ठाणे तेथेच आहे. राजाचे देऊळ होते, साधूचे होते. पाटबंधारे बांधणाऱ्याचे देऊळ मात्र आपल्या देशात विरळा.

या तळ्यांची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढील सर्व गोष्ट तिच्यावर अवलंबून आहे. उताराच्या बाजूस मातीची पाळ. पाळीत पाणी सोडण्याचे दार, त्याला तुडूम म्हणतात. एका बाजूस सलंग, म्हणजे जास्तीचे पाणी वाहून जाण्याची वाट; त्या वाटेने निघालेले पाणी पुष्कळदा खालच्या दुसऱ्या तळ्यात जाई. पाळीच्या विरुद्ध बाजूस तळे हळूहळू उथळ होत जाते आणि शेवटी गुडघाभर पाणी, मग चिखल, मग गवत. हा उथळ काठ परक्याच्या डोळ्यांना निरुपयोगी दिसतो. वस्तुतः तळ्याचे सारे ऐश्वर्य तेथेच असते. देवधान तेथे उगवते, पोवनीची व कमळाची कंदमुळे तेथे पोसतात, गाद आणि चिला यांसारख्या पाण्यातील वनस्पती तेथून आत पसरतात. मासे तेथे अंडी घालतात, बदके तेथे चरतात, आणि सारस तेथे उभा राहतो.

सारसाविषयी दोन शब्द अधिक बोलल्यावाचून राहवत नाही. उडणाऱ्या पक्ष्यांत त्याच्याइतका उंच पक्षी जगात दुसरा नाही; पूर्ण वाढलेला नर माणसाच्या उंचीला येतो. जोडी सहसा आयुष्यभर टिकते. पावसाळ्यात भाताच्या बांधीत किंवा तळ्याच्या उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून मादी बहुधा दोनच अंडी घालते. बादशहा जहांगीर याने सारसांची एक जोडी पाळली होती आणि त्यांची नावे लैला व मजनू अशी ठेवली होती. त्यांनी अंडी कशी उबविली, नरमादींनी पाळ्या कशा वाटून घेतल्या, हे त्याने स्वतः पाहून आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या एका राज्यकर्त्याने पक्ष्याच्या घरट्यासाठी इतका वेळ काढावा, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आता इतिहासाकडे वळू. इंग्रजांनी १८६० नंतरच्या जमाबंदीत मध्यप्रांतातील गावांचे मालकी हक्क मालगुजारांना दिले. तळी त्यांच्या नावावर चढली, म्हणून ती ‘माजी मालगुजारी’, आणि तोंडी संक्षेपाने ‘मामा तलाव’ झाली. मालगुजारी म्हणजे रामराज्य होते असे मात्र कोणी समजू नये. वेठ होती, जुलूम होता. आणि ज्या ढिवरांच्या पिढ्या तळ्यावर जाळे टाकून जगल्या त्यांची तळ्यावर मालकी कधीच नव्हती. परंतु तळ्याचे पाणी कोणी किती घ्यावे, पाळ कोणी दुरुस्त करावी, गाळ कोणी काढावा, यांविषयीच्या गावच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ नामक कागदात लिहिलेल्या असत. तळ्याला धनी होता. तो चांगला असो वा वाईट, पाळ फुटली तर कोणाच्या दारी जावयाचे हे गावाला ठाऊक होते.

मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा १९५० मध्ये झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. कायदा न्याय्यच होता. जमीन कसणाऱ्याच्या डोक्यावरचा मध्यस्थ गेला. पण त्याच लेखणीने तळी सरकारजमा झाली, आणि त्यांची देखभाल कोणी करावी हा प्रश्न अधांतरी राहिला. त्यात राज्यांची फेररचना आली. तेव्हाचा भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात, नंतर मुंबई राज्यात, आणि १९६० पासून महाराष्ट्रात. दहा वर्षांच्या आत तळ्याने तीन सरकारे पाहिली. पूर्वी ज्या पाण्यासाठी श्रम देण्याची चाल होती त्याच पाण्यासाठी आता पट्टीची मागणी झाली. तळे आमच्या आजोबांनी बांधले, पट्टी कसली, असे शेतकरी म्हणू लागले. दोघांच्या ओढाताणीत पाळीवर झुडपे वाढली, तुडूम गळू लागले आणि गाळ साचत राहिला.

कोणी वाईट हेतूने केले असे नव्हे. पुढील दोन गोष्टी तर चांगल्याच हेतूने झाल्या, आणि म्हणूनच मला त्या अधिक विचार करावयास लावतात.

पहिली माशांची. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये संप्रेरकाची सुई टोचून कार्प जातीच्या माशांचे कृत्रिम प्रजनन घडवून आणले. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज यामुळे पुढे मुबलक व स्वस्त झाले. गरिबाच्या ताटात मासा आला, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु मामा तलावांतही तेच बीज दरवर्षी सोडण्याची पद्धत पडली. मरळ, मांगूर आणि इतर कितीतरी लहान देशी मासे, ज्यांना कोणी बीज म्हणून विकत घेत नाही, ते मागे पडत गेले. पाण्यातील वनस्पती जाळ्याला अडतात म्हणून त्या उपटून टाकणे हे शहाणपण ठरले. गवतावर जगणारे परदेशी मासेही काही तळ्यांत आले. मी ज्या वर्गांना शिकविले त्यांतील मुले रोहू व कटला ओळखत. तळ्यातील पाच वनस्पतींची नावे सांगा म्हटले तर कमळावर गाडी थांबे.

दुसरी गोष्ट ‘बेशरम’ या झुडपाची. हे मूळचे अमेरिका खंडातील. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाला आणि पाळीची माती धरावयास ते सोयीचे वाटले. लोकांनी त्याला दिलेले नावच त्याचे चरित्र सांगते. तळ्याच्या उथळ काठावर ते पसरले, आणि देवधानाची व कंदांची जागा त्याने घेतली. सारसाला चालावयास मोकळा काठ हवा. बेशरमाच्या जाळीत तो उतरत नाही.

त्याच काळात भातशेतीत कीटकनाशके आली, आणि शेतांवरून विजेच्या तारा गेल्या. एवढ्या मोठ्या पंखांच्या पक्ष्याला ऐन वेळी तार चुकविता येत नाही. पूर्वी पूर्व विदर्भात ठिकठिकाणी दिसणारा सारस महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया जिल्ह्यापुरता उरला, शेजारच्या भंडाऱ्यात मोजकेच. गोंदियातही २००४ च्या सुमारास त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी झाली होती. पुढे ‘सेवा’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन, ज्याच्या बांधीत घरटे आहे त्याला विश्वासात घेऊन, घरट्यांवर लक्ष ठेवण्याचे काम चालविले. वन खात्याचीही जोड मिळाली. संख्या वाढत वाढत २०२० मध्ये पंचेचाळिसाच्या आसपास गेली. नंतर ती पुन्हा उतरली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तरी २०२४ च्या गणनेत आकडा तिसाच्या आतच होता.

न्यायालयाने लक्ष घातले याचा आनंद आहे. परंतु न्यायालय तारा हलवावयास सांगू शकते, समिती नेमू शकते. ते तळ्यात देवधान लावू शकत नाही. ते काम ज्यांनी हाती घेतले त्यांच्याविषयी मला विशेष आदर आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवरांच्या मच्छिमार सहकारी संस्थांबरोबर काही तळ्यांवर जो प्रयोग केला तो साधा आहे. बेशरम मुळासकट उपटावयाचे. उन्हाळ्यात तळ्याचा कोरडा काठ नांगरावयाचा. दुसऱ्या चांगल्या तळ्यांतून देशी वनस्पती आणून भाताच्या रोपासारख्या चिखलात लावावयाच्या. देशी माशांना अंडी घालावयास अवकाश द्यावयाचा. कोणती वनस्पती कोणत्या खोलीला, कोणता मासा कोणत्या गवतात, हे ज्ञान ढिवर स्त्रीपुरुषांपाशी होतेच. ते कोणी विचारले नव्हते इतकेच. अशा तळ्यांत मासे वाढले आणि पक्षीही परतले.

याच्या उलट उदाहरणही आपल्यापुढे आहे. गाळ काढण्याच्या योजना निघतात, यंत्रे येतात, आणि आठ दिवसांत तळे खोल होते. पाणी अधिक साठते हे खरे. परंतु यंत्र उथळ काठालाही सरळ कापून टाकते, आणि कंद व बीज असलेली वरची माती मुरुमाबरोबर वाहून नेते. मग ते तळे तळे न राहता पाण्याचा हौद होतो. हौदाला सारस लागत नाही आणि सारसाला हौद. गाळ काढूच नये असे माझे म्हणणे नाही; पूर्वीही तो काढीतच. पण काठ कोठे राखावयाचा हे यंत्र चालविणाऱ्याला सांगणारा मनुष्य गावातला असावा, आणि त्याचे म्हणणे ऐकण्याची सक्ती असावी. कोहळ्यांनी तळे बांधले, मालगुजाराने त्याची मालकी भोगली, सरकारने ते ताब्यात घेतले. ढिवर आणि त्याच्या पाण्याखालचा शेतकरी या दोघांना मिळून त्याचे धनी करण्याचा प्रयोग मात्र सर्वत्र असा अद्याप झालेला नाही.

त्यासाठी नवा कायदा हवा असेही नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगावी समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केलेली आहे. पुष्कळ ठिकाणी ती वही कोणी बाहेरच्याने येऊन भरली आणि कपाटात गेली. पूर्व विदर्भातील श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या गावच्या तळ्यातील ज्या गवतांची आणि माशांची नावे केवळ म्हाताऱ्या ढिवरांना ठाऊक आहेत, ती या उन्हाळ्यात त्यांच्या तोंडून उतरवून त्या वहीत घालावी. आणि कोणाच्या घरी जुन्या दप्तरात वाजिब-उल-अर्जाची प्रत असेल तर तिच्यात तळ्याविषयी काय लिहिले आहे तेही वाचून, तिची नक्कल ग्रामपंचायतीत ठेवावी.