पडद्यावरील खेळ आणि पडद्याआडची गिरणी

एखाद्या उद्योगनगरीचा इतिहास कोठें शोधावा, असें कोणीं विचारिलें तर आपण जुनीं दप्तरें आणि गिरण्यांचे ताळेबंद यांकडे बोट दाखवितों. परंतु कष्ट करणारा मनुष्य त्या कागदांत आंकड्याच्याच रूपानें भेटतो. त्याची चाल, त्याचा चेहरा, सुटीच्या दिवशींचा त्याचा खेळ हीं पाहावयाचीं असतील तर माहितीपटाकडेच वळलें पाहिजे. हा संबंध आपल्याकडे कसा जुळला व कोठें तुटला, तें आज पाहूं.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. दर माणशीं एक रुपया घेऊन दाखविलेल्या त्या सहा चित्रांत एक होतें कारखाना सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगारांचें. तो कारखाना फ्रान्समधील लियाँ शहरीं खुद्द ल्युमिएर यांचाच होता. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापडगिरणीचा पाया घातला, त्यास तेव्हां चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. भोंगा होतांच हजारों माणसें तेथें रोज आंत जात व बाहेर येत. तरीही मुंबईकर प्रेक्षकांनीं पडद्यावर प्रथम पाहिले ते परमुलखांतील कामगार!

या प्रयोगानें भारून गेलेल्यांपैकीं एक म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा. छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थानें विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डन येथें पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती टिपली. फीत धुण्यासाठीं लंडनला पाठवावी लागली. भारतीय माणसानें काढलेल्या पहिल्या माहितीपटाचा मान या कुस्तीस दिला जातो. पुढें १९०१ सालीं केंब्रिजहून परत आलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचेंही चित्र त्यांनींच घेतलें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. साहेबांचा गोल्फ मुंबईंत नवा नव्हता; रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ सालींच निघाला होता. पण गोल्फला विस्तीर्ण हिरवळ लागते, कुस्तीस तांबड्या मातीचा हौदा पुरे होतो. चाळींत दाटीनें राहणाऱ्या गिरणी-कामगाराला गांवाहून सोबत आणतां येण्यासारखा खेळ तोच होता. म्हणून सावेदादांच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला खेळ हा कष्टकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा होता, असें म्हणणें वावगें होणार नाहीं. मात्र ती फीत आज उपलब्ध नाहीं. मल्लांचीं नांवें उरलीं, पेंच हरपले.

गिरण्यांचेंही तेंच झालें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले; त्यानंतर गिरणगांवाचा भोंगा हळूहळू मुका झाला. अंजली मोंतेरो व के. पी. जयशंकर यांनीं २००१ सालीं 'साचा' या माहितीपटांत कवि नारायण सुर्वे व चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या दृष्टींतून ही नगरी दाखविली. परंतु तोंवर बरेंचसें पडद्याआड गेलें होतें.

याउलट आपल्या शेजारच्या मालेगांवचें उदाहरण पाहा. तेथील यंत्रमागांवर राबणाऱ्या मंडळींनीं गांवांतच, गांवासाठीं विनोदी चित्रपट काढले. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगांव' या माहितीपटांत ती खटपट टिपलेली आहे. 'सुपरमॅन' झालेला शफीक शेख हा मागावरचाच कामगार. २०११ सालीं तो निवर्तला, पण धोट्याच्या खडखडाटांतून उठलेलें त्याचें हंसूं शिल्लक राहिलें.

आतां आपल्या खानदेशाकडे वळूं. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा म्हणजे कापूस आणि मिरची यांची जुनी पेठ. सरकी वेगळी करणारे जिन, रुईच्या गांठी बांधणारे प्रेस, हमालांच्या आरोळ्या, मिरचीच्या ठसक्यानें भरून आलेले डोळे, हा सारा इतिहासच होय. याच मार्गावर अमळनेरची प्रताप मिल उभी राहिली आणि १९२४ पासून सहा वर्षें साने गुरुजींनीं त्याच नगरींत अध्यापन केलें.

या आठवणींचे माहितीपट निघावेत, आणि ते प्रथम त्या त्या गांवींच दाखविले जावेत. मुंबई-पुण्याच्या सभागृहांत प्रेक्षक चित्र पाहून उठतो. गांवच्या चौकांत मात्र कोणी म्हातारा उठून सांगतो, "तो गांठी उचलणारा माझा भाऊ; आणि ती दिवसपाळी नव्हे, रातपाळी." अशा एका वाक्यानें चित्रांतील अनामिकास नांव मिळतें व इतिहासांतील चूकही दुरुस्त होते. हें वाक्य उच्चारूं शकणारीं माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत. सावेदादांची फीत आपणांस परत मिळवितां येणार नाहीं. ह्या माणसांना प्रश्न विचारणें मात्र अजून आपल्या हातीं आहे.