मागाशी बसलेले चित्रकार

तरुण चित्रकाराला विणकराच्या शेजारी बसवायचं आणि दोघांनी मिळून कापड घडवायचं, ही कल्पना मुंबईला नवी नाही. आज भायखळा-परळ-दादरकडे विणकामाच्या, ठसेछपाईच्या, गोधडीच्या कार्यशाळा होतात आणि कलाशाळेतली मुलं हौसेनं येतात. या कार्यशाळांची पूर्वज एक सरकारी कचेरी आहे: विणकर सेवा केंद्र. १९५६ साली देशात अशी जी पहिली केंद्रं निघाली, त्यांत मुंबईचं एक. त्याचा पत्ता गिरगावातला, ऑपेरा हाऊसजवळ मामा परमानंद मार्गावरचा.

या केंद्रांमागे पुपुल जयकर होत्या. यंत्राच्या कापडापुढे हातमाग टिकायचा तर त्याला नवे नमुने हवेत आणि ते देणारे लोक कलाशाळांतून आणावेत, अशी त्यांची धारणा. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात मुंबईला हातमाग मंडळात डिझाइनचे उपसंचालक होते. अंबादास आणि प्रभाकर बरवे यांच्यासारखे आपले चित्रकार या केंद्रांत नोकरीला होते. नुसती चित्रं विकून घर चालण्याचे ते दिवस नव्हते. बरवे जे. जे. कलाशाळेतून १९५९ साली बाहेर पडले, १९६१ मध्ये केंद्राच्या नोकरीत बनारसला गेले आणि चार वर्षांनी मुंबईत परतले. बनारसनंच त्यांना तंत्रसाधनेतल्या कलेकडे वळवलं.

चित्रकाराला केंद्रात पहिल्यांदा स्वतःची रेघ विसरावी लागे. कागदावर झरझर काढलेली वेल मागावर तशी उतरत नाही. चौकटींच्या कागदावर ती पुन्हा मांडावी लागते. एक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक भेट: भरली तर ताणा वर, कोरी ठेवली तर बाणा वर. तिरपी रेघ पायरी पायरीनं चढते, गोल पाकळीची कड दातेरी होते. ती डोळ्याला गोल दिसावी म्हणून नेमकी कुठली चौकट सोडायची, हे मागावर आयुष्य गेलेल्या माणसाला कळतं. बनारसचे नक्शाबंद कारागीर तर हा सगळा हिशेब दोऱ्यांच्या जाल्यात बांधून मागावर चढवत. कलाशाळेच्या पदवीधरानं अशा माणसाजवळ बसून शिकायचं, हे मला त्या केंद्राचं सर्वांत मोठं देणं वाटतं.

पण एक गोष्ट मनाला लागते. ऑपेरा हाऊसपासून ताडदेव किती लांब? कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, ती ताडदेवला. तिथून लालबाग-परळपर्यंतच्या गिरणगावात साच्यांचा, म्हणजे गिरणीतल्या यंत्रमागांचा, खडखडाट चालू होता. त्या साच्यांवर कोकणातल्या शेतकऱ्यांबरोबर तेलंगणातून आलेले पद्मशाली होते, मदनपुऱ्यातले जुलाहे होते. पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर वाढलेली ही घराणी. म्हणजे हातमागाचा वारसा गिरणीतही नांदत होता. तरी कलावंतांनी विणकर शोधायला बनारस गाठलं. पुढंही बहुतेक कार्यशाळांनी तीच वाट धरली: पैठणी येवल्याची, ठसे राजस्थानचे, आणि गिरणगाव फक्त भिंतीवरच्या फोटोंपुरतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या पुढं एकेक करून बंद झाल्या आणि साचे भंगारात गेले. चालत्या साच्यावर तुटलेला तार हेरणं, क्षणात धोटा बदलणं, नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणं, ही विद्या कुठल्या अभ्यासक्रमात आली नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या शंभर माणसांचे आवाज २००४ च्या पुस्तकात टिपून ठेवले, हे त्यांचे उपकारच. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेनं वस्त्रोद्योग संग्रहालयही योजलं आहे. पण संग्रहालयात साचा ठेवता येतो, साचेवाल्याचा हात ठेवता येत नाही. तो हात दुसऱ्या हाताला शिकवूनच टिकतो.

म्हणून कार्यशाळा भरवणाऱ्यांना विनंती आहे. येवल्याच्या कारागिराला अवश्य बोलवा. त्याच्या शेजारी साचेखात्यातल्या एका कामगारालाही बसवा, सत्कारासाठी नव्हे तर शिक्षक म्हणून, आणि त्याला शिक्षकाचं मानधन द्या. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकला आहे.