काळ्या कातळाचा निवाडा

पालघरहून बोईसरकडे आणि तेथून तारापूरच्या किनाऱ्याकडे जाताना ठायीठायी दिसणारा काळाकभिन्न कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्ह्याचा थर होय. आणि सुवर्णाच्या शोधात निघालेल्या भूवैज्ञानिकाने या मुलखात पाऊल टाकण्यापूर्वीच भूस्तरांचा नकाशा त्यास ‘येथे नव्हे’ असा निवाडा देऊन मोकळा झालेला असतो. या किनाऱ्याने सोने पाहिले नाही असे नव्हे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीतून तांबे, चांदी, पाषाण आणि स्फटिक यांचे एकात एक ठेवलेले करंडक निघाले, आणि सर्वांत आतला सोन्याचा होता. परंतु ते सोने बंदराच्या व्यापाराने आणलेले असावे, येथल्या भूमीने दिलेले नव्हे. कारण सोन्याच्या शिरा बहुधा अतिप्राचीन, चुरगळलेल्या आणि भेगाळलेल्या खडकांतून खनिजयुक्त उष्ण द्रव वाहून गारगोटीसह निवल्याने बनतात, आणि उत्तर कोकणात तसला खडक असलाच तर तो या लाव्ह्याच्या प्रचंड जाडीखाली गाडला गेला आहे.

नोंदी जसा नकार देतात तसा होकारही देतात; मोजणीच्या दप्तराने खाण दाखवल्याचे आपल्याकडील थोर उदाहरण कोलारचे. म्हैसूर राज्याच्या मोजणीवर असलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरनने १८०२ साली सोन्याची वदंता ऐकून बक्षीस जाहीर केले, आणि गावकऱ्यांनी गाडीभर माती आणून त्याच्यादेखत धुतली, तेव्हा तळाशी सोन्याचे कण राहिले. हा वृत्तांत कागदांत पडून राहिला. लाव्हेल नावाच्या माजी सैनिकाने तो वाचून १८७१ साली कोलार गाठले, आणि पुढे तेथील खाणी तीन किलोमीटरांहून खोल गेल्या. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शिरस्त्याचे मोल मला येथे जाणवते: आज निरुपयोगी वाटणारी नोंदही नीट जपून ठेवावी लागते.

महाराष्ट्रात त्या नोंदींनी आशा दाखवली ती विदर्भात. लाव्ह्याचे आवरण जेथे संपते तेथे साकोलीचा प्राचीन खडकपट्टा उघडा पडतो. त्याच्या उत्तरेस, बालाघाटकडे, सोनझारी लोक पिढ्यान् पिढ्या ओढ्यांची वाळू लाकडी पात्रात धूत आले. सर्वेक्षणाचे कर्मचारीही ओढ्यांतलाच गाळ उचलतात, मात्र दोन किलोमीटर बाजूच्या चौकोनांत प्रदेश विभागून, प्रत्येक चौकोनाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून. तेथे अब्जांश भागातले सोने मोजले जाते आणि त्याचा सोबती सोमलही पाहिला जातो, कारण सोमलाचे वाढते प्रमाण पुष्कळदा सुवर्णशिरेची वाट दाखवते. संशयित चौकोन निवडला की मग चर खणणे आणि छिद्रण. नागपूर जिल्ह्यातील परसोडी आणि कोलारी ही नावे अशा शोधकामातूनच सर्वेक्षणाच्या नकाशावर आली.