चीनचं दार उघडलं, पण डॉलर कुठून आणायचे?

‘१९७८ नंतर चीनने परदेशी उद्योगांना दार उघडलं.’ हे वाक्य तुम्ही कितीतरी शोधनिबंधांच्या पहिल्याच परिच्छेदात वाचलं असेल. ते चुकीचं नाही, पण त्यातून फारसं कळत नाही. परदेशी माणसाने तिथे कंपनी काढायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि मिळवलेला पैसा घरी कसा न्यायचा? तंत्रज्ञान-हस्तांतराच्या इतिहासावर वाचताना मी या दुसऱ्या प्रश्नापाशी बराच काळ थांबले, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

जुलै १९७९ मध्ये चीनने संयुक्त उपक्रमांचा, म्हणजे जॉइंट व्हेंचरचा कायदा केला. अख्ख्या कायद्यात फक्त १५ कलमं! परदेशी भागीदाराचा वाटा साधारणपणे किमान २५ टक्के हवा आणि संचालक मंडळाचा अध्यक्ष चिनी बाजूचाच असेल, असं त्यात होतं. (अध्यक्षाची ही अट १९९० मध्ये गेली.) नफा देशाबाहेर पाठवता येईल, असंही स्पष्ट लिहिलं होतं, फक्त ‘परकीय चलनाच्या नियमांनुसार’. अंमलबजावणीचे नियम आले सप्टेंबर १९८३ मध्ये, त्यांत ११८ कलमं. म्हणजे मधली चार वर्षं करार करणारे लोक बरंचसं अंदाजाने चालत होते. आणि या नियमांत एक साधं दिसणारं वाक्य होतं: उपक्रमाने परकीय चलनाच्या जमाखर्चाचा मेळ साधारणपणे स्वतःच घालावा.

विज्ञान शाखेतून आलेल्यांना हे पटकन कळेल. समीकरण १९७९ चं, पण उत्तर ठरतं ते सीमा-अटींवरून, आणि त्या १९८३ मध्ये लिहिल्या गेल्या.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होता, ते बीजिंग जीपच्या प्रकरणात दिसतं. अमेरिकन मोटर्स या कंपनीने मे १९८३ मध्ये बीजिंगच्या सरकारी मोटार कारखान्याशी करार केला. तिचा वाटा होता ३१.३५ टक्के, आणि त्यातला बराच भाग रोख पैशाऐवजी तंत्रज्ञानाच्या रूपात. जानेवारी १९८४ मध्ये काम सुरू झालं. चिनी बाजूला हवी होती नवीन बनावटीची, सैन्यालाही चालेल अशी जीप. अमेरिकनांनी पुढे केली चेरोकी: सुटे भाग पेट्यांतून अमेरिकेहून आणायचे आणि बीजिंगला जोडायचे. भाग आणायचे डॉलर देऊन आणि गाडी विकायची युआन घेऊन. युआन तेव्हा मुक्तपणे बदलून मिळत नव्हता. निर्यात होत नव्हती, त्यामुळे डॉलर येणार कुठून? गाडीला गिऱ्हाईक असूनही कारखाना अडकला!

१९८५ मध्ये चीनची परकीय गंगाजळी घसरली, सरकारने चलनावरचा हात आखडला आणि १९८६ च्या सुरुवातीला चेरोकीचं काम थांबण्यापर्यंत वेळ आली. कंपनीच्या बीजिंगमधल्या प्रमुखाने थेट पंतप्रधान झाओ झियांग यांना पत्र लिहिलं. तडजोड झाली, डॉलरची सोय झाली. पण हा उपक्रम नावाजलेला होता, बुडाला असता तर बाहेर चीनची अब्रू गेली असती. पंतप्रधानांपर्यंत पत्र पोचवणं छोट्या कंपनीच्या आवाक्यातलं नव्हतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपूर्ण परदेशी मालकीच्या कंपन्यांचा कायदा आला आणि ऑक्टोबरमध्ये परदेशी गुंतवणुकीला उत्तेजन देणाऱ्या २२ तरतुदी. त्यांपैकी एकीने परदेशी भांडवलाच्या कंपन्यांना परकीय चलनाची आपसात देवाणघेवाण करायची मुभा दिली. माझं मत असं की ‘दार उघडलं’साठी एकच वर्ष निवडायचं असेल तर १९७९ पेक्षा १९८६ जास्त योग्य ठरेल. तुम्हाला पटायलाच हवं असं नाही, पण वर्ष निवडताना निकष सांगा.

दोन गोष्टी सांभाळा. एक, जीप प्रकरणाची आपली बरीचशी माहिती जिम मान यांच्या १९८९ च्या पुस्तकातून येते. ते लॉस एंजेलिस टाइम्सचे बीजिंगमधले वार्ताहर होते. पुस्तक फार चांगलं आहे, पण त्यात अमेरिकन बाजूचा आवाज मोठा आहे, हे ध्यानात ठेवून वाचावं.

दुसरी गोष्ट मोहाची. इथून मागे कँटनकडे उडी मारावीशी वाटते. १७५७ ते १८४२ या काळात पश्चिमेच्या जहाजांना व्यापार फक्त त्या बंदरात करता येई आणि प्रत्येक जहाजाला एक चिनी ‘हाँग’ व्यापारी जामीन लागे. जकात आणि वर्तन, दोन्हींची जबाबदारी त्याच्यावर. आपल्या मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन याच चौकटीत गेले. मग ‘चीन पूर्वीपासून असाच’ असं लिहून मोकळं व्हायचं? नको. चिंग दरबाराला परदेशी माणूस हातभर लांब हवा होता. तंग श्याओफिंग यांच्या सरकारला त्याचं तंत्रज्ञान घरात हवं होतं. दोन्हीकडे स्थानिक माणूस मध्ये आहे, पण हेतू उलटे. जामीन आणि भागीदार यांना एकाच रकान्यात टाकलं तर हा फरकच पुसला जातो.

१ जानेवारी २०२० पासून जुने कायदे जाऊन नवा परदेशी गुंतवणूक कायदा लागू झाला. भागीदाराची सक्ती आता बहुतेक क्षेत्रांत नाही. मोटारींमध्येही परदेशी वाट्यावरची शेवटची मर्यादा २०२२ मध्ये उठली. या कायद्याचं २१ वं कलम म्हणतं की परदेशी गुंतवणूकदार आपला नफा युआनमध्ये किंवा परकीय चलनात मोकळेपणाने बाहेर नेऊ शकतो. ‘कायद्यानुसार’ हा शब्द त्याही वाक्यात आहे, त्यामुळे या कलमाबरोबर परकीय चलनाचे नियमही काढून वाचावे लागतात.