जांघेतला त्रिकोण

सावनेर म्हटले की मराठी वाचकाला राम गणेश गडकऱ्यांचा १९१९ मधला मृत्यू आठवतो. मला आणखी एक आठवतो. १९८६ च्या उन्हाळ्यात लाकडे फोडताना कुऱ्हाड निसटून माझ्या काकांच्या मांडीच्या मुळाशी लागली. जमलेल्यांनी जखमेत हळद भरली, गुडघ्यावर धोतर आवळून बांधले. नागपूरच्या वाटेतच काका गेले. चुकले कुठे, हा प्रश्न घेऊन मी वैद्यकाचे शिक्षण नसताना शारीराच्या ग्रंथांकडे वळलो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे मोजली आहेत. मांडीच्या मध्यावर ‘ऊर्वी’. तिच्या वर, जांघेच्या सांध्याखाली ‘लोहिताक्ष’. लोहिताक्षाला इजा झाल्यास रक्तक्षय आणि पक्षाघात होतो, असे तिथे म्हटले आहे. प्रेत सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून थर खरवडत पाहायची ही परंपरा; त्या रीतीने तंत्रिका वेगळी ओळखणे अवघडच. तरी लुळेपणाची नोंद आहेच. माझ्या मते ती प्रेतावरून नव्हे, जखमी माणसांवरून आली असावी.

उलगडा आजच्या शारीरात होतो. इटलीच्या आंतोनिओ स्कार्पा (१७५२–१८३२) याच्या नावाचा त्रिकोण इथेच आहे. वरची बाजू जांघेच्या बंधाची, उरलेल्या दोन मांडीच्या स्नायूंच्या. त्यात बाहेरून आत तंत्रिका, रोहिणी, नीला अशी रांग लागते. एकच घाव रक्तही सांडतो आणि पायाचे बळही नेतो. ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ हे शब्दही सुश्रुताच्या सिरांच्या वर्गीकरणातले. मराठीने त्यांना नवा अर्थ दिला.

१७८५ मध्ये लंडनला जॉन हंटरने एका गाडीवानाच्या मांडीतली हीच रोहिणी बांधली आणि त्याचा पाय वाचला. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले, नागपूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली. म्हणजे ही विद्या आमच्यापासून काही कोसांवर चाळीसेक वर्षे होती.

रक्त वरून येत होते आणि धोतर जखमेच्या खाली बांधले होते. जखमेवर घट्ट दाब हवा होता. तो पुरला नसता तर जांघेच्या घडीत, जिथे ठोका बोटांना लागतो, तिथे मुठीने हाडावर दाबून धरायचे. काका वाचलेच असते असे मी म्हणत नाही. पण ती जागा माझ्या मुलांना मी बोट ठेवून दाखवली आहे.